तात्यांची पाठ

आर्ट स्कूलच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रश्न आला होता : कलेचे प्रयोजन काय? मी सहा पानं लिहिली. आत्मा, आनंद, सत्य, सौंदर्य, सगळं घातलं, आणि जागा उरली म्हणून शेवटी मानवजातही घातली. गुण चांगले पडले. पुढं बारामतीच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो आणि वर्षभरात कळलं, की ती सहा पानं बंबात घालायच्या लायकीची होती. बारामतीत मला कलेचं प्रयोजन कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, "मास्तर, रंग पावसात टिकंल न्हवं?"

मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बेंदराला बैलांची शिंगं रंगवली; बैल हे एकच गिऱ्हाईक, जे कामात सूचना करत नाही. एका तालमीच्या भिंतीवर मारुती काढला, तर वस्तादानं मला मारुतीच्या मांड्या कमी करायला लावल्या. त्याच्या स्वतःच्या मांड्यांपेक्षा त्या मोठ्या दिसत होत्या. मी म्हणालो, अहो, तो देव आहे. तर म्हणाला, "आसंल, पर पोरं माझ्या हाताखाली शिकत्यात." मला भयंकर राग आला आणि मी मुकाट्यानं मांड्या कमी केल्या. माझा राग नेहमी असाच, येतो जोरात आणि जातो पोटात.

अशात एके दिवशी शाळा सुटताना कोऱ्हाळे बुद्रुकचा एक बागाइतदार सायकल मारत आला. चाळिशीचा, अंगानं भरलेला, डोक्यावर इस्त्रीची पांढरी टोपी.

"मास्तर, आमच्या वडलांचं चित्र काढायचंय. ह्ये एवढं," म्हणून त्यानं हात पसरले. तेवढ्यात म्हैस बसली असती.

"रविवारी वडलांना घेऊन या," मी म्हणालो.

"तात्यांना जाऊन आठ वर्सं झाली."

"मग फोटो द्या."

"फोटू न्हाय. तात्या म्हनायचे, फोटू काढला की मानसाचं आयुष्य आटतंय. कवाच काढू दिला न्हाय."

"अहो, मग मी काय बघून काढू?"

"आमी सांगतो की," तो म्हणाला, जणू काही चित्र म्हणजे पाहुण्यांच्या गावचा रस्ता.

त्याची अडचण मला नंतर समजली. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस चांगला येत होता. साखर कारखाना काढायच्या बैठका चालल्या होत्या, आणि त्या निमित्तानं मोठमोठी माणसं याच्या नव्या घरात चहाला येत होती. वडगाव निंबाळकरच्या त्याच्या व्याह्यानं दिवाणखान्यात स्वतःच्या बापाचा हार घातलेला फोटो लावला होता. ह्याच्या भिंतीवर मात्र नुसता खिळा. खिळा आधी ठोकला होता, बाप शोधायचं काम माझ्याकडं आलं होतं.

रविवारी गेलो. सोप्यात सतरंजी अंथरलेली, थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ दोन्ही बाजूंना, मध्ये मी. थोरला म्हणाला, तात्यांचं नाक अगदी माझ्यावाणी सरळ होतं. धाकटा म्हणाला, काय सांगतोस, तात्यांचं नाक बसकं, माझ्यावाणी. दोघं नाकावरून असे भांडले, की वाटण्या तिथंच होतात की काय असं मला वाटलं. शेवटी गावच्या न्हाव्याला बोलावलं. तीस वर्षं तो तात्यांची दाढी करत होता. तो म्हणाला, "नाकाचं काय मला ठावं न्हाय. पर डाव्या गालाला खळगा व्हता. वस्तरा अडकायचा तितं." त्याच्या दृष्टीनं तात्या म्हणजे एक खळगा होता. त्यानं खोटं काही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं.

मी नाक वरून थोरल्याचं आणि खालून धाकट्याचं काढलं. मिशा दोघांच्या संमतीनं. मग थोरला म्हणाला, खिशाला पेन दाखवा.

"तात्यांना लिहायला येत होतं?"

"न्हाय वो. पर चित्रात कुनाला कळतंय?"

तेव्हा पेन आलं. पेन आलं म्हणून टेबल आलं, टेबलावर पुस्तक आलं. ज्या माणसानं आयुष्यभर मोट हाकली, त्याच्या मागं मी मखमली पडदा सोडला. पाच रविवार हे चाललं होतं. पाच रविवार मी त्या घरचे पोहे खाल्ले, आणि तात्यांबरोबर जिनं सगळा जन्म काढला त्या बाईला एकदाही विचारलं नाही. मुलांनी विचारलं नाही आणि मीही नाही. हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते.

चित्र पुरं झालं त्या दिवशी मुलांनी म्हातारीला माजघरातून बाहेर आणलं. साठीला आलेली, बारीक, काटक बाई. पाठीत जरा वाकलेली, पण नजर तल्लख. ती आली, चित्राकडं एकदा बघितलं, आणि झटकन पदर कपाळावर ओढून आडवी वळली. थोरल्याला हळूच म्हणाली, "ह्ये पाव्हणं कुठलं?"

धाकटा फिस्सकन हसला. थोरल्याच्या टोपीखालचं सगळं तोंड लाल झालं. आणि माझ्या? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाच रविवार! मी तडकून म्हणालो, "आजी, मग तुम्हीच सांगा तात्या दिसायला कसे होते."

"म्या कुठं बघितलं?" ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नाही.

"आकरा वर्साची आले बाबा ह्या घरात. सासू, सासरा, दोन दीर. पदर ह्या हितंवर," म्हणून तिनं नाकाचा शेंडा दाखवला. "मोठ्या मानसांम्होरं नवऱ्याकडं बघायचं व्हय? आन् मोठी मानसं हटत्यात कवा घरातनं? वीस वर्सं गेली त्यात. मग सासू गेली, सासरं गेलं. तवा बघायचं म्हटलं, तर लाज वाटायला लागली. म्हनतील, आता काय बघत बसलीस. ते राह्यलं ते राह्यलंच."

"एकदाही नाही?"

"बघितलं की. गेले त्या दिवशी बघितलं. अंघूळ घालून ठेवलं व्हतं, समद्यांनी म्हटलं बघून घे, तवा चांगलं नीट बघितलं. पर त्यो काय त्यांचा चेहरा व्हता? डोळं मिटल्यालं, नाकात कापूस. आता म्या डोळं मिटलं की त्योच म्होरं येतो, दुसरं काय येतच न्हाय. आठ वर्सं झाली, मास्तर. त्यो कापूसवाला मला नगं हाय. चालतं माणूस काढता येतंय का तुमाला?"

दोन्ही मुलगे खाली बघत होते. आईनं हे आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. पण मी पडलो मास्तर, प्रश्न विचारायचं सोडत नाही. म्हणालो, "आजी, चेहरा माहीत नाही, तर तुम्हाला त्यांचं माहीत काय आहे?"

"म्हंजी काय! पाठ," ती म्हणाली. "चाळीस वर्सं मागनं चालले न्हवं का मी."

आणि मग त्या बाईनं मला तिच्या नवऱ्याची पाठ सांगितली. मी आर्ट स्कूलमध्ये शरीरशास्त्र शिकलो होतो, पण असं वर्णन कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. मान आखूड, मानेवर आडवी घडी. डावा कान उजव्यापेक्षा बाहेर आलेला, उन्हात आरपार लाल दिसायचा. घोंगडं नेहमी डाव्या खांद्यावर, त्याचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला. धोतराचा काष्टा चालता चालता सुटायचा आणि एका बाजूला लोंबायचा. पावलं बाहेर फेकून चालायचे. डाव्या वहाणेची टाच झिजलेली. टाचेला भेग, तीन भेगा, मधली खोल. ती बोलत होती आणि मी कागदावर कागद फाडत होतो. "न्हाय न्हाय, मान अजून आत... व्हय... आता खांदा पाडा... अजून." थोरला मध्येच म्हणाला, "आये, पुरं आता." ती म्हणाली, "तू गप. तुला काय ठावं? तू कडंवर असायचास, तुझं तोंड माझ्याकडं."

त्या आठवड्यात सुट्टी लागली आणि मी कागद घेऊन इंदापूरला घरी गेलो. माझे वडील तिथं कचेरीत कारकून होते आणि मी तलाठी न होता रंगारी झालो, याचं त्यांना फार दुःख होतं. पडवीत बसून मी रंग भरले. कॅनॉलकडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून चाललेला पाठमोरा माणूस. माझी आई धान्य पाखडून आत निघाली होती. चित्र बघून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांचं कशाला काढलंस? ह्यांना आवडायचं नाही."

मी म्हणालो, "अगं, हे कोऱ्हाळ्याचे कुणी तात्या आहेत."

"हो का," ती म्हणाली, पण तिला ते पटलं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या काकू आल्या, त्यांनाही आपले यजमान वाटले. दोन यजमानांत एक सहा फुटी आणि एक पाच फुटी होता, तरी दोघींना शंका आली नाही. मग वडील कचेरीतून आले. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "माझी पाठ एवढी वाकडी नाही." तोवर त्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं! मी हसून हसून गडबडा लोळलो. आई मात्र हसली नाही. ती त्या चित्राकडं बघत म्हणाली, "थांबतच नाहीत मेले कधी." मेले हा शब्द आईनं वडिलांच्या देखत उच्चारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

चित्र घेऊन कोऱ्हाळ्याला गेलो. पडदा, पेन, पुस्तकवाले तात्या तोवर सोप्यात हार घालून बसले होते आणि येणारे पाहुणे त्यांना नमस्कार करत होते. हे दुसरं चित्र बघून थोरला उखडला. "मास्तर, ही काय चेष्टा हाय? लोक म्हनतील, बापानं घराकडं पाठ फिरवली!" मी म्हणालो, "अहो, हे तुमच्यासाठी नाही." तसं मला बोलता येतं हे मलाच त्या दिवशी समजलं.

म्हातारी आली. ह्या वेळी पदर ओढला नाही. जवळ आली, अगदी नाक लागेल इतकी. तळहातानं तिनं तो पडलेला खांदा चाचपला. मग डाव्या टाचेवर बोट ठेवलं.

"हाय," ती म्हणाली. "ह्येच हायत. ह्येच हायत गं बाई." आणि मोठ्यानं रडली. आठ वर्षांपूर्वी चारचौघात रडायचं म्हणून रडली असेल, हे रडणं तसलं नव्हतं. तिच्या दोन्ही सुना दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्याही रडायला लागल्या. मी पण रडलो. खोटं कशाला सांगू? धाकट्यानं ते चित्र उचलून माजघरात, ती निजायची तिथं समोर लावून दिलं.

इथं गोष्ट संपली असती, तर मी ती सगळ्यांना सांगत सुटलो असतो आणि मोठा कलावंत म्हणून मिरवलो असतो. महिन्याभरानं धाकटा शाळेत आला. "मास्तर, म्हातारीनं बलिवलंय. चित्रात काय तरी ऱ्हायलंय म्हनती."

गेलो. म्हातारी चित्रासमोर मांडी घालून बसली होती. एकदम ताजीतवानी दिसत होती.

"आता कापूसवाला येत न्हाय," तिनं आधी सांगितलं. "डोळं मिटलं की चालायला लागत्यात. लई बरं झालं, मास्तर, तुमचं भलं हुईल. पर रोज बघती तर मला काय तरी आठवतंय, आन् राग येतोय."

"कसला राग?"

"मोरगावला निघालो व्हतो. नवस फेडायला. थोरला कडंवर, डुईवर पाटी, आन् दुसरा पोटात. ह्ये म्होरं. मला बाभळीचा काटा घुसला, असा, पार आरपार. मी बसले खाली. आता हाक मारावी तर नाव घ्यायचं न्हाय. अहो म्हनावं तर रस्त्यात मानसं. मी खोकले. बांगड्या वाजिवल्या. पोराला चिमटा काढला, त्ये रडलं. ह्ये चाललेच. ही पाठ, मास्तर, हीच, ही अशीच लांब लांब गेली. मी दातानं काटा काढला आन् लंगडत गेले. तर ह्ये म्होरं झाडाखाली बसून तमाकू खात्यात. आन् मलाच म्हनत्यात, एवढा येळ?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? काय न्हाय म्हनले. तवा न्हाय म्हनले, मग बी न्हाय म्हनले. मानूस चांगला व्हता, मास्तर. कवा हात उगारला न्हाय, कवा उपाशी ठिवलं न्हाय. माझा लई जीव व्हता त्येंच्यावर. पर मागं वळून बघितलं न्हाय एकदा बी." ती माझ्याकडं वळली. "मला काढा ह्यात."

"कुठं? त्यांच्या मागं?"

"मागं कशाला? म्होरं."

मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि नीट बघितलं. रस्ता तात्यांच्या पुढं बराच लांबवर जात होता, जागा होती. पण अडचणही होती.

"आजी, पुढं काढतो. पण तुम्ही अगदी लहान दिसाल."

"का?"

"पुढं म्हणजे लांब. लांबचं माणूस लहान काढायचं आणि जवळचं मोठं. चित्राचा नियम आहे."

"चाळीस वर्सं मागं चालले तवा मी ल्हान," ती म्हणाली, "आन् आता म्होरं गेले तरी मीच ल्हान? कुनी केला ह्यो नेम?"

"पूर्वीच्या मोठ्या चित्रकारांनी. विलायतेतल्या."

"बापयच आसतील."

"हो, सगळे पुरुषच."

"मग!" ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला, मी चालून दावती. तुमी मागनं बघा."

कॅनॉलच्या कडेनं ती पुढं आणि मी वही घेऊन मागं. कामावरच्या बायका उसाच्या फडातून उठून बघत होत्या. तिचे दोन्ही मुलगे आणि सुना घराच्या दारात. ती सुरुवातीला पदर सावरत, अवघडत चालली. कुणाच्या पुढं चालायची तिला सवयच नव्हती. पन्नासेक पावलांनंतर तिनं पदर सोडून दिला आणि पावलं मोकळी टाकायला लागली. मला पळावं लागलं. मागून मी बघितली ती पाठ. अंबाडा सुटायला आलेला, लुगड्याला ठिगळ, उजव्या पायात किंचित लंगड, आणि ताठ, घरात कधी दिसला नाही इतका ताठ कणा. ही माझ्या हातून काढली गेली नाही तर मी खरोखर शिंगंच रंगवावीत, असं मला वाटलं.

मी माजघरातच बसून रंगवलं. रस्त्याच्या टोकाला, जिथं सुपारीएवढी बाई दिसायला हवी, तिथं तात्यांच्या दीडपट बाई उभी केली. ऊस तिच्या कमरेला लागला. तात्यांनी मान वर केली असती तर त्यांना फक्त तिचीच पाठ दिसली असती. असलं चित्र एखाद्या पोरानं परीक्षेला काढलं असतं, तर मी स्वतः त्याला नापास केलं असतं आणि वर कान पिळला असता. थोरल्यानं आत येऊन बघितलं, तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि तोंड मिटून बाहेर गेला.

म्हातारी चित्रासमोर बसली. एका सुनेनं चहा आणला, तो तिनं बाजूला ठेवला. मग तिनं पदर डोक्यावरून मागं सारला, पुढं वाकली आणि त्या माणसाशी बोलली. मी तिथं आहे याचं तिला भान नसावं.

"या आता मागनं," ती म्हणाली. "मी काय थांबत न्हाय."